चीनचे पाच स्वायत्त प्रदेश : माहितीतक्ते आणि नकाशे यांच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

भूगोलाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत जे मुक्त माहितीतक्ते आम्ही तयार करत आहोत, त्यांतील चीनचा भाग आजपासून सुरू केला. पहिला प्रश्न व्याप्तीचा होता. चीनमध्ये प्रांताच्या बरोबरीचा दर्जा असलेले स्वायत्त प्रदेश पाच आहेत : अंतर्गत मंगोलिया, शिंजियांग, ग्वांगशी, निंगशिया आणि तिबेट. त्यांच्या खालच्या पातळीवर ३० स्वायत्त जिल्हे आणि १२० स्वायत्त तालुके आहेत, आणि त्यांतले बरेचसे या पाच प्रदेशांच्या बाहेर, म्हणजे युनान, क्वीचौ, सिचुआन, छिंगहाय अशा प्रांतांत पसरलेले आहेत. हाँगकाँग आणि मकाव यांची व्यवस्था निराळ्या कायद्यांखाली येत असल्यामुळे ती या कामातून वगळली. सध्या फक्त पाच प्रदेश घ्यायचे आणि खालच्या पातळीवरील घटक जिथे अर्थ उलगडण्यासाठी लागतील तिथेच आणायचे, असे ठरले.

आरंभी सर्व प्रदेशांची बेरीज करून पाहिली. पाचांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ४३.८ लाख चौ. किमी. भरते, म्हणजे चीन आपले जे ९६ लाख चौ. किमी. क्षेत्रफळ सांगतो त्याच्या ४५ टक्क्यांहून अधिक. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची एकत्रित लोकसंख्या ११,०८,७९,०५८ आहे, आणि चीनच्या १,४१,१७,७८,७२४ या आकड्याशी तिचे प्रमाण आठ टक्क्यांनाही पोहोचत नाही. मराठी वाचकाला मापाचा अंदाज यावा म्हणून तक्त्याच्या शिरोभागी एकच तुलना ठेवणार आहे : महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती, म्हणजे जवळपास तेवढीच माणसे महाराष्ट्राच्या सुमारे चौदापट भूमीवर राहतात. मात्र ही तुलना सरासरीची आहे, आणि या प्रदेशांत सरासरीइतके फसवे दुसरे काही नाही, असे माझे मत आकडे चाळतानाच बनू लागले आहे. या अकरा कोटींतले पाच कोटी एकट्या ग्वांगशीत आहेत, आणि ग्वांगशीचे क्षेत्रफळ पाचांच्या बेरजेच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे.

७ फेब्रुवारी २०२५

आधारवर्ष म्हणून चीनची सातवी जनगणना घेतली. तिचा संदर्भकाल १ नोव्हेंबर २०२० हा आहे. त्यानंतरचे वार्षिक अंदाज उपलब्ध असले तरी ते नमुना पाहणीवर आधारलेले असतात, आणि वांशिक गटांची तपशीलवार विभागणी जनगणनेतच मिळते, म्हणून दोन प्रकारचे आकडे एका तक्त्यात मिसळायचे नाहीत.

२०१० आणि २०२० यांची तुलना करणारा स्तंभ तयार झाला. तिबेटची लोकसंख्या ३०,०२,१६६ वरून ३६,४८,१०० वर गेली, म्हणजे साडेएकवीस टक्क्यांची वाढ झाली. शिंजियांगमध्ये ती साडेअठरा टक्के, निंगशियात चौदा टक्क्यांहून थोडी अधिक आणि ग्वांगशीत सुमारे नऊ टक्के आहे. अंतर्गत मंगोलियात मात्र लोकसंख्या घटली : २,४७,०६,३२१ वरून २,४०,४९,१५५. सीमावर्ती प्रदेश म्हणजे विरळ वस्ती आणि वेगवान वाढ अशी जी सरधोपट समजूत असते, ती इथे पहिल्याच स्तंभात मोडते.

नागरीकरणाचे प्रमाणही घेतले : अंतर्गत मंगोलिया ६७.४८ टक्के, निंगशिया ६४.९६, शिंजियांग ५६.५३, ग्वांगशी ५४.२० आणि तिबेट ३५.७३. राष्ट्रीय सरासरी ६३.८९ आहे. ज्या प्रदेशाचे नाव ऐकताच गवताळ कुरणे आणि घोडेस्वार डोळ्यांसमोर येतात, तोच या पाचांत सर्वांत अधिक शहरी आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

शिंजियांगचे प्राकृतिक वर्णन लिहायला घेतले आणि आजचा पूर्ण दिवस त्यातच गेला. क्षेत्रफळ सुमारे १६.६५ लाख चौ. किमी., म्हणजे चीनचा सहावा भाग. प्रदेशाची रचना समजायला सोपी आहे : उत्तरेला अल्ताई, मध्ये तिएन शान आणि दक्षिणेला कुनलुन व काराकोरम अशा पर्वतरांगा, आणि त्यांच्या मधोमध दोन खोलगट खोरी. तिएन शानच्या उत्तरेला जुंगर खोरे, दक्षिणेला तारिम खोरे. तारिम खोऱ्याच्या पोटात टक्लामकान वाळवंट आहे, ज्याचा विस्तार सुमारे ३.३ लाख चौ. किमी. आहे. याच प्रदेशाच्या सीमेवर ८,६११ मीटर उंचीचे के-टू शिखर आहे आणि याच प्रदेशात तुर्फानच्या सखल भागातले आयदिंग सरोवराचे पात्र समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली आहे.

एवढे लिहूनही लोक कुठे राहतात हे वाचकाला कळत नाही. त्यासाठी पाण्याचा मार्ग पाहावा लागतो. पाऊस जवळजवळ नसलेल्या तारिम खोऱ्यात पर्वतांवरचे बर्फ आणि हिमनद्या वितळून उतरणारे प्रवाह डोंगराच्या पायथ्याशी पंख्यासारखे पसरतात, आणि त्या पंख्यांवर मरूद्याने वसलेली आहेत : काशगर, यारकंद, खोतान, अक्सू, कूचा. यारकंद, खोतान आणि अक्सू या नद्यांचे पाणी मिळून तारिम नदी बनते, ती वाळवंटाच्या उत्तर कडेने पूर्वेकडे वाहते आणि कोणत्याही समुद्राला न मिळता वाळूत संपते. ज्या लोप नूर सरोवरात ती एके काळी पोहोचत असे, ते आता कोरडे आहे, आणि त्याच्याच परिसरात १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. तुर्फानमध्ये पर्वतपायथ्याचे भूजल उताराच्या भूमिगत कालव्यांतून शेतापर्यंत आणण्याची पद्धत आहे. या कालव्यांना तिथे कारेझ म्हणतात, आणि बीदरमध्ये तशाच तत्त्वावरची जुनी योजना असल्याने दख्खनच्या अभ्यासकांना हा शब्द परका नाही.

मरूद्यानांचे क्षेत्र प्रदेशाच्या दहा टक्क्यांहून कमी आहे आणि बहुतेक सर्व लोकसंख्या त्यातच सामावलेली आहे. म्हणून दर चौ. किमी. मागे साडेपंधरा माणसे ही जी घनता भागाकारातून निघते, ती प्रत्यक्षात फारच थोड्या ठिकाणी आढळेल. काशगर जिल्ह्यात ४४,९६,३७७ आणि खोतान जिल्ह्यात २५,०४,७१८ लोक नोंदले गेले. म्हणजे सत्तर लाख माणसे टक्लामकानच्या पश्चिम व दक्षिण काठावरच्या अरुंद हिरव्या पट्ट्यांत राहतात, आणि त्या पट्ट्यांतील शेतीजमिनीवरची दाटी शुष्क प्रदेशाच्या आपल्या कल्पनेत बसत नाही.

राजधानी उरुमचीची लोकसंख्या ४०,५४,३६९. अधिकृत वेळ बीजिंगची असली तरी स्थानिक लोक, विशेषतः ज्यांच्या नावाने हा प्रदेश आहे ते तुर्की भाषाकुळातले मुस्लिम उइगूर, दोन तास मागची वेळ व्यवहारात वापरतात, ही बाब तळटीपेत घेतली आहे. रेखांश शिकवताना शिक्षकांना तिचा उपयोग होईल.

१५ फेब्रुवारी २०२५

शिंजियांगची एकूण लोकसंख्या २,५८,५२,३४५. त्यांत उइगूर १,१६,२४,२५७ म्हणजे सुमारे ४५ टक्के आणि हान, म्हणजे चीनमधला बहुसंख्य गट, १,०९,२०,०९८ म्हणजे ४२ टक्क्यांहून थोडे अधिक. उरलेल्यांत कझाक, हुई, किरगीझ, मंगोल, ताजिक इत्यादी. १९५३ च्या पहिल्या जनगणनेत उइगूर सुमारे ७५ टक्के आणि हान अवघे सहा-सात टक्के होते, तेव्हा या दोन जनगणनांमधले अंतर तक्त्यात एका ओळीत दाखवणे आवश्यक आहे. या बदलामागे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘उत्पादन आणि बांधकाम दला’चा मोठा हात आहे. सैन्यातून मुक्त केलेल्या तुकड्यांना शेती, सिंचन आणि सीमारक्षण यांसाठी वसवणारी ही संघटना आजही स्वतःची शहरे चालवते, आणि शिहेझी हे त्यांतले सर्वांत परिचित शहर आहे. उत्तरेकडच्या जुंगर खोऱ्यात हान वस्ती दाट, दक्षिणेकडच्या काशगर-खोतानात उइगूर नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक, अशी ही विभागणी तिएन शानच्या रेषेवर बऱ्याच अंशी उभी आहे.

जन्मदराचा स्तंभ ठेवावा की नाही यावर सहकाऱ्यांशी बराच वेळ चर्चा झाली. मी ठेवण्याच्या बाजूने आहे. चीनच्या अधिकृत आकड्यांनुसार शिंजियांगचा जन्मदर २०१७ मध्ये दर हजारी १५.८८ होता, तो २०१९ मध्ये ८.१४ झाला. दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर येणारा जन्मदर कोणत्याही लोकसंख्याशास्त्रज्ञाला थांबून पाहायला लावील. याच काळात तिथे मोठ्या प्रमाणावर स्थानबद्धता आणि कुटुंबनियोजनाची सक्तीची अंमलबजावणी झाल्याचे आरोप झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात गंभीर उल्लंघने नोंदवून ती मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असे म्हटले, आणि चीनने तो अहवाल फेटाळला. ‘मूलभूत माहिती’ या मथळ्याखाली एवढे यायलाच हवे. आकडा द्यायचा आणि तो का पडला याबद्दल मौन पाळायचे, हे तटस्थपणाचे लक्षण मला वाटत नाही.

२० फेब्रुवारी २०२५

आज सीमारेषांचे काम. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशानुसारच दाखवावी लागते, त्यामुळे शिंजियांग आणि तिबेट यांचे चिनी नकाशे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. अक्साई चीनचा सुमारे ३८,००० चौ. किमी. प्रदेश भारताच्या भूमिकेनुसार लडाखचा भाग आहे आणि चीनच्या ताब्यात आहे. चीन त्याचा बहुतेक भाग खोतान जिल्ह्यात आणि थोडा भाग तिबेटच्या न्गारी जिल्ह्यात धरतो. शिंजियांग आणि तिबेट यांना जोडणारा जो रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला, तो याच पठारावरून जातो, आणि दोन स्वायत्त प्रदेशांमधला पश्चिमेकडचा दुवा तोच असल्याने चीनच्या लेखी या ओसाड पठाराचे महत्त्व किती आहे हे नकाशावर बोट ठेवताच कळते. डिसेंबर २०२४ मध्ये चीनने खोतान जिल्ह्यात हे-आन आणि हे-कांग हे दोन नवे तालुके जाहीर केले. त्यांच्या हद्दीचा काही भाग लडाखमध्ये येतो, असे सांगून भारताने जानेवारी २०२५ मध्ये निषेध नोंदवला.

चिनी पुस्तके शिंजियांगच्या सीमेला आठ देश लागतात असे सांगतात : मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत. यांतील पाकिस्तानलगतची म्हणून सांगितली जाणारी सीमा पाकव्याप्त काश्मीरच्या गिलगिट-बाल्टिस्तान भागाशी आहे, आणि १९६३ च्या करारात पाकिस्तानने चीनला दिलेले शक्सगाम खोरेही भारत आपलेच मानतो. तक्त्यात देशांची संख्या न देता ही वस्तुस्थिती दोन वाक्यांत लिहिली. नकाशाकार सहकारी बाईंनी सुचवल्याप्रमाणे क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे ‘चीनने दिलेला आकडा’ अशी खूण केली आहे, कारण त्यात कोणता भूभाग मोजला आहे हे त्या आकड्याकडे पाहून समजत नाही.

२७ फेब्रुवारी २०२५

तिबेट स्वायत्त प्रदेश ९ सप्टेंबर १९६५ रोजी स्थापन झाला. क्षेत्रफळ १२ लाख चौ. किमी. हून थोडे अधिक, सरासरी उंची ४,००० मीटरच्या वर, आणि घनता दर चौ. किमी. मागे सुमारे तीन. इथली जिल्हावार विभागणी मी पूर्ण मांडली, कारण तिच्यातून जे दिसते ते एकूण आकड्यातून दिसत नाही. ल्हासा ८,६७,८९१, शिगात्से ७,९८,१५३, चाम्दो ७,६०,९६६, नागछू ५,०४,८३८, शाननान ३,५४,०३५, न्यिंगची २,३८,९३६ आणि न्गारी १,२३,२८१. यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपल्याकडे आल्यावर जी ब्रह्मपुत्रा होते ती नदी, आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील ल्हासा, शिगात्से व शाननान या तीन जिल्ह्यांत मिळून निम्म्याहून अधिक लोक राहतात. जव पिकवता येईल अशी खोऱ्यांतली जमीन हेच या वस्तीचे कारण आहे. नागछू आणि न्गारी हे उत्तर व पश्चिमेचे दोन जिल्हे प्रदेशाच्या निम्म्याहून अधिक भूमी व्यापतात, परंतु त्यांत जेमतेम सव्वासहा लाख लोक आहेत. चांगथांग पठारावर शेती होत नाही. तिथे याक आणि मेंढ्या यांवर जगणारी पशुपालक कुटुंबे आहेत.

न्गारीचा उल्लेख मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ओळखीचा वाटेल, कारण कैलास पर्वत आणि मानस सरोवर याच जिल्ह्यात आहेत. २०२० पासून बंद असलेली यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. भूगोलाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की सिंधू, सतलज, कर्णाली आणि ब्रह्मपुत्रा या चारही नद्यांचे उगम या एका परिसरात, एकमेकींपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी आहेत. उपखंडातल्या कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणारे पाणी ज्या जिल्ह्यातून निघते, तिथे सव्वा लाखाहूनही कमी लोक राहतात.

वांशिक विभागणीत तिबेटी सुमारे ८६ टक्के आणि हान १२ टक्क्यांहून थोडे अधिक आहेत. पाचांपैकी ज्या गटाच्या नावाने प्रदेश आहे तो गट बहुसंख्य असलेला हा एकमेव प्रदेश. पण इथेही एक बाब नोंदवली पाहिजे. चीनमधील तिबेटी लोकांची एकूण संख्या सुमारे ७०.६ लाख आहे आणि त्यांतले ३१.४ लाखच या स्वायत्त प्रदेशात राहतात. उरलेले, म्हणजे निम्म्याहून अधिक, छिंगहाय, सिचुआन, कान्सू आणि युनान या प्रांतांतील स्वायत्त जिल्ह्यांत व तालुक्यांत आहेत. आम्दो आणि खामचा पूर्व भाग या ऐतिहासिक तिबेटी प्रदेशांचा समावेश स्वायत्त प्रदेशात नाही. त्यामुळे बातम्यांतले ‘तिबेट’ नेमके कोणते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. नकाशावर तिबेटी वस्तीचा विस्तार वेगळ्या रेघाळीने दाखवणार आहोत.

रेल्वेची नोंद थोडक्यात : गोलमुड ते ल्हासा मार्ग जुलै २००६ मध्ये सुरू झाला आणि तो थांगला खिंडीत ५,०७२ मीटर उंचीवरून जातो. तो पुढे शिगात्सेपर्यंत २०१४ मध्ये नेला गेला, तर ल्हासा ते न्यिंगची हा मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला.

५ मार्च २०२५

घनतेच्या रंगीत नकाशाचा पहिला मसुदा सहकाऱ्यांनी पाठवला. पाच प्रदेशांना पाच छटा दिल्यामुळे संपूर्ण शिंजियांग एकसारखे फिकट दिसते आणि ती छटा पाहून कोणालाही काशगरची कल्पना येणार नाही. जिल्हा पातळीवर छटा द्याव्यात आणि त्यांवर नद्यांचा निळा थर ठेवावा, असा निर्णय झाला. काम वाढेल, पण त्याला इलाज नाही.

११ मार्च २०२५

अंतर्गत मंगोलिया हा सर्वांत जुना स्वायत्त प्रदेश. तो १ मे १९४७ रोजी, म्हणजे चीनचे जनता प्रजासत्ताक स्थापन होण्यापूर्वीच अस्तित्वात आला. क्षेत्रफळ सुमारे ११.८३ लाख चौ. किमी. आणि पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २,४०० किमी., त्यामुळे पूर्व टोकाची बृहत् खिंगान पर्वतावरची थंड अरण्ये आणि पश्चिम टोकाचे बादाइन जारान वाळवंट यांचे वर्णन एका परिच्छेदात करणे कृत्रिम वाटते. त्या वाळवंटातील उंच टेकड्या आणि त्यांच्या मधली सरोवरे यांना जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मध्यभागी पीत नदी मोठे वळण घेते, आणि त्या वळणाच्या पाण्यावर हेताओ मैदानातील शेती व बाओटोउसारखी शहरे उभी आहेत. बाओटोउच्या उत्तरेला असलेली बायान ओबो ही खाण दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या साठ्यासाठी जगात अग्रगण्य आहे, तर ओर्दोस कोळशासाठी ओळखले जाते. शहरीकरणाचे ६७ टक्के प्रमाण कुठून आले याचे उत्तर बरेचसे या खाणींत आहे.

इथेही जिल्ह्यांकडे पाहावे. आग्नेयेकडच्या चिफेंगमध्ये ४०,३५,९६७ लोक आहेत, आणि राजधानी होहोतची लोकसंख्या त्यापेक्षा कमी, ३४,४६,१०० आहे. पश्चिमेच्या अल्शा भागात सुमारे २.७ लाख चौ. किमी. भूमीवर २,६२,३६१ लोक राहतात. म्हणजे दर चौ. किमी. मागे एक.

मंगोल लोकसंख्या प्रदेशाच्या १७.७ टक्क्यांच्या आसपास, सुमारे ४२.५ लाख आहे, आणि हान जवळपास ७९ टक्के आहेत. स्वतंत्र मंगोलिया देशाची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे ३३ लाख होती. तेव्हा सीमेच्या दक्षिणेकडचे मंगोल स्वतःच्या नावाच्या प्रदेशात अल्पसंख्य असूनही संख्येने उत्तरेकडच्या देशाहून अधिक आहेत. उभी पारंपरिक मंगोल लिपीही दक्षिणेकडेच दैनंदिन वापरात टिकली होती. २०२० च्या सप्टेंबरमध्ये काही शालेय विषय मंगोलऐवजी चिनी माध्यमातून शिकवण्याच्या निर्णयाविरुद्ध तिथे मोठी निदर्शने झाली.

जुन्या नकाशांबद्दल एक सावधगिरी नोंदवतो. १९६९ मध्ये या प्रदेशाचे पूर्वेकडचे भाग हेलुंगजियांग, जीलिन व लियाओनिंग या प्रांतांना आणि पश्चिमेकडचे कान्सू व निंगशिया यांना जोडले गेले. १९७९ मध्ये ते परत मिळाले. चीनच्या जनगणना १९६४ आणि १९८२ मध्ये झाल्या, म्हणजे मधल्या काळात एकही झाली नाही, त्यामुळे जनगणनांची मालिका या बदलातून सुरक्षित सुटते. परंतु १९७० च्या दशकातील नकाशे आणि वार्षिक आकडे पाहणाऱ्याला प्रदेश एकाएकी आक्रसल्याचा भास होईल.

१७ मार्च २०२५

निंगशिया हुई स्वायत्त प्रदेश, स्थापना २५ ऑक्टोबर १९५८, क्षेत्रफळ ६६,४०० चौ. किमी., लोकसंख्या ७२,०२,६५४. पाचांत हा सर्वांत लहान आणि माझ्या मते समजायला सर्वांत स्पष्ट. उत्तरेकडे पीत नदीचे कालव्यांनी भिजलेले मैदान, दक्षिणेकडे पिवळ्या मातीचे कोरडे डोंगर. उत्तरेत वर्षाला २०० मिमी. पाऊसही होत नाही, तरीही भात पिकतो. त्याचे कारण छिन आणि हान या प्राचीन राजवटींच्या काळापासून चालत आलेले कालवे आहेत, आणि त्यांना २०१७ मध्ये सिंचन वारशाच्या जागतिक यादीत स्थान मिळाले. राजधानी यिनच्वानमध्ये २८,५९,०७४ लोक, म्हणजे प्रदेशाची चाळीस टक्के लोकसंख्या एकवटली आहे. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून उत्तरेच्या सिंचित जमिनीवर कुटुंबे हलवण्याच्या सरकारी योजना गेली चार दशके चालू आहेत, आणि जिल्हावार आकड्यांतला उत्तरेकडचा कल त्यांच्याशी जोडूनच वाचावा लागतो. १६ डिसेंबर १९२० चा हाययुआन भूकंप याच दक्षिण भागात झाला. त्यात दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

पश्चिमेच्या शापोतोउ येथे तेंगर वाळवंटाची वाळू बाओटोउ-लानचौ रेल्वेवर येऊ नये म्हणून गवताच्या काड्या जमिनीत चौकटींच्या आकारात रोवण्याची पद्धत वापरली गेली. हा मार्ग १९५८ मध्ये सुरू झाला. वाळू अडवण्याचा इतका स्वस्त आणि टिकाऊ उपाय पाठ्यपुस्तकात यावा असे वाटल्याने त्याला वेगळी चौकट दिली आहे.

हुई, म्हणजे चिनी भाषक मुस्लिम, लोकांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के, संख्या २५,२३,५८१. चीनमधील एकूण हुई १.१४ कोटींच्या आसपास आहेत. त्यांची मातृभाषा चिनीच आहे आणि ते देशभर विखुरलेले आहेत, त्यामुळे एका प्रदेशाला त्यांचे नाव देऊनही चारांतले तीन हुई त्या प्रदेशाबाहेरच राहतात.

२४ मार्च २०२५

ग्वांगशीच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न उलटा आहे. भरपूर पाऊस, उष्ण हवामान, पण मोठ्या भागात चुनखडीचा खडक, ज्यातून पाणी झिरपून जमिनीखाली जाते आणि वर सुळक्यांसारखे डोंगर उरतात. क्वीलिनची ली नदी आणि तिच्या काठचे डोंगर पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसतात ते हेच, आणि दक्षिण चीनच्या चुनखडी भूरूपांच्या जागतिक वारसा नोंदीत त्यांचा समावेश २०१४ मध्ये झाला. पाऊस पडूनही पश्चिमेकडच्या डोंगरांत शेतीची जमीन तुटपुंजी आणि माती पातळ आहे, म्हणून वस्ती नद्यांच्या मैदानांत आणि पूर्व-दक्षिणेकडे दाट आहे.

क्षेत्रफळ सुमारे २.३८ लाख चौ. किमी., लोकसंख्या ५,०१,२६,८०४, घनता दर चौ. किमी. मागे २११. राजधानी नाननिंग. १९५८ मध्ये या प्रांताला झुआंग लोकांच्या नावाने स्वायत्त प्रदेशाचा दर्जा दिला गेला. झुआंग हा चीनमधला सर्वांत मोठा अल्पसंख्य गट आहे, एकूण १.९६ कोटींच्या आसपास, आणि त्यांतले सुमारे १.५७ कोटी इथे राहतात. त्यांची भाषा ताई कुळातली, थायलंड आणि लाओसच्या भाषांच्या नात्यातली आहे. प्रदेशात त्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांहून थोडे अधिक. पश्चिमेच्या बाइसे, हेची आणि नैर्ऋत्येच्या चोंगझुओ भागांत ते बहुसंख्य आहेत, पूर्वेकडे हान आहेत. याशिवाय याओ, म्याओ, तुंग असे अनेक गट, आणि व्हिएतनामच्या सीमेलगत किनाऱ्यावर जिंग लोकांची छोटी वस्ती आहे.

दोन बाबी तळटीपेत गेल्या. पहिली, बेइहाय आणि छिनचौ यांचा किनारी पट्टा १९५५ ते १९६५ या काळात ग्वांगडोंग प्रांताकडे होता, म्हणून १९६४ च्या जनगणनेतील ग्वांगशीला समुद्रकिनारा नाही आणि तिथली लोकसंख्या पुढच्या जनगणनांशी सरळ जुळत नाही. दुसरी, कायम रहिवासी म्हणून नोंद असलेल्यांची संख्या सुमारे ५.७ कोटी आहे, तर प्रत्यक्ष राहणारे ५.०१ कोटी. मधली तफावत मुख्यतः शेजारच्या ग्वांगडोंगच्या कारखान्यांत कामाला गेलेल्यांची आहे. तक्त्यात आम्ही प्रत्यक्ष राहणाऱ्यांचाच आकडा सर्वत्र वापरला आहे.

२ एप्रिल २०२५

शेवटचा स्तंभ स्वायत्ततेच्या प्रत्यक्ष स्वरूपाचा. राज्यघटनेच्या कलम ११४ नुसार प्रदेशाचा अध्यक्ष त्या-त्या स्वायत्त गटाचा नागरिक असावा लागतो. कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवपदाला अशी अट नाही आणि अलीकडच्या दशकांत त्या पदावर बहुधा हान अधिकारीच राहिले, जरी सत्तेच्या उतरंडीत सचिव अध्यक्षाच्या वर असतो. प्रादेशिक वांशिक स्वायत्ततेचा कायदा १९८४ चा आहे, त्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली. त्या कायद्याप्रमाणे स्वायत्त प्रदेशाला स्वतःचे स्वायत्तता नियम करता येतात, मात्र त्यांना राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीची मंजुरी लागते. जिल्हा आणि तालुका पातळीवर असे नियम झाले आहेत, पण पाचांपैकी एकाही प्रदेशाचे अद्याप झालेले नाहीत.

याच स्तंभाशेजारी मी एक बेरीज ठेवली आहे. चीनमधील बिगरहान लोकसंख्या १२.५ कोटींच्या थोडी वर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.८९ टक्के आहे. पाच स्वायत्त प्रदेशांतील बिगरहान लोक मिळून सुमारे साडेचार कोटी भरतात. म्हणजे अल्पसंख्य गटांतील जवळपास दोन तृतीयांश माणसे या पाच प्रदेशांच्या बाहेर आहेत, आणि आत राहणाऱ्या अकरा कोटींत हानांचीच संख्या अधिक आहे.

तक्ते मुद्रितशोधनासाठी पाठवले. जिल्हा पातळीवरच्या घनतेच्या नकाशात नद्यांची नावे फार लहान अक्षरांत गेली आहेत, ती वाढवून मागितली आहेत. पुढचा टप्पा ३० स्वायत्त जिल्ह्यांचा. त्याची सुरुवात छिंगहायपासून करावी, कारण तिथल्या आठांपैकी सहा जिल्हे स्वायत्त आहेत आणि तिबेटच्या नकाशावर जी रेघाळी काढली आहे ती पूर्ण करायला तोच प्रांत आधी लागणार आहे.